झुंबरबाईच्या नऊ पुतळ्या

झुंबरबाईनं सरळ प्रश्नाला सरळ उत्तर दिलेलं मी तरी कधी ऐकलं नाही. दुधात पाणी घातलंस का विचारलं, की म्हैस दिवसाला किती पाणी पिते ते सांगायची. आज उशीर का केलास, तर काल लवकर आलतो की. वीस-बावीस वर्षं तिनं आमच्याकडे दुधाचा रतीब घातला आणि तेवढी वर्षं मी रोज सकाळी दारात उभी राहून चरफडले. तरी रतीब बदलला नाही, कारण दूध चांगलं होतं. ते चांगलं आहे हे मला सायीवरून कळायचं, तिच्या तोंडून कधी कळलं नाही.

उत्तरेश्वर पेठेत आमच्या घरामागच्या बोळात तिचं घर. दोन म्हशी, एखादं वर्ष तीन. संध्याकाळी म्हशी गंगावेशीत नेऊन गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढायची. अंगानं ठेंगणी, आवाज मात्र असा की ती "सरक गं" म्हणाली की म्हशीबरोबर दोन-चार माणसंही सरकायची. नवरा जोतीराम. तरुणपणी तो तालमीत असायचा, नंतर तालमीच्या कट्ट्यावर असायचा. घर चालायचं म्हशींवर आणि झुंबरबाईच्या हातांवर, पण घरच्या किल्ल्या सासूच्या कमरेला. सासूचं नाव धोंडुबाई. सून विचारलेलं सोडून भलतंच सांगायची, तर सासू काहीच सांगायची नाही. नुसती बघायची. अशा दोघी एका चुलीपुढे इतकी वर्षं कशा बसल्या, हे मला शेजारी राहूनही समजलं नव्हतं.

हे सांगते आहे ते अठ्ठ्याहत्तर सालचं. गौरी यायचा दिवस. मी मुलींच्या शाळेत गणित शिकवायची. शाळेला गणपतीची सुट्टी होती, म्हणून सोप्यात बसून गौरीच्या भाजीसाठी शेपू निवडत होते. झुंबरबाई सकाळचं दूध घालून गेली होती, ती पुन्हा आली आणि उंबऱ्यावर बसली.

"बाई, तुमच्या वडलांचा त्यो औषधाचा काटा हाय का अजून?"

माझे वडील वैद्य होते. भस्म तोलायचा त्यांचा चिमुकला काटा, दोन पितळी पारडी आणि रेशमी दोऱ्या, मी जपून ठेवला होता. वजनं केव्हाच हरवली होती.

"आहे. कशाला?"

"न्हाय, असूंदे म्हटलं."

मग तिनं धाकट्या म्हशीच्या खुराला काय झालंय ते सांगितलं. उचगावच्या कुणा पाहुण्यानं त्याच्यावर काय लावायला सांगितलं ते सांगितलं. पाहुण्याच्या बायकोबद्दल सांगितलं. माझी अर्धी जुडी निवडून झाली.

"झुंबरे, काटा कशाला हवाय?"

"जरा तोलायचं हुतं."

"काय तोलायचंय?"

"जिन्नस."

मी शेपूची जुडी खाली ठेवली. तिनं बोळाकडे एकदा पाहिलं, दार लोटून घेतलं आणि चोळीतून फडक्याची पुरचुंडी काढली. आत त्यांच्या घरातली पुतळ्यांची माळ होती. सोन्याच्या गोल चकत्या, प्रत्येकीवर लक्ष्मीचा ठसा, वर कडी, आणि सगळ्या लाल रेशमात ओवलेल्या. नऊ पुतळ्या. ही माळ वर्षातून तीनच दिवस पेटीबाहेर यायची, गौरीच्या गळ्यात घालायला. त्याआधी बाबालाल पटवेगाराकडे जाऊन नव्या रेशमात ओवून आणायची, हा त्यांच्या घरचा रिवाज, आणि ते काम थोरल्या सुनेचं. तर ही बाबालालकडे निघालेली वाट सोडून माझ्याकडे आली होती.

"ह्यातली एक खोटी हाय."

"कुणी सांगितलं?"

"कोन सांगनार? मीच केली की."

पुढचं मी तिच्याकडून कसं काढून घेतलं ते माझं मला ठाऊक. सरळ सांगायचं तर असं. त्रेसष्ट साली सरकारनं सोन्यावर नियंत्रण आणलं, चौदा कॅरेटवरचा दागिना घडवायचा नाही म्हणून, आणि पेठेतल्या सोनारांच्या शेगड्या थंड झाल्या. त्याच वर्षी झुंबरबाईची दुभती म्हैस मेली आणि जोतीराम तालमीत पाय मोडून घेऊन पडला. धोंडुबाई लेकीच्या बाळंतपणाला जयसिंगपूरला गेली होती. जाताना एकदाच किल्ली सुनेकडे देऊन गेली. झुंबरबाईनं मागल्या गल्लीतल्या एका बसून असलेल्या सोनाराला एक पुतळी दिली. तिच्यातून म्हैस आली. सोनारानं जागा भरायला पितळेची एक पुतळी करून, वर सोन्याचं पाणी चढवून दिली.

"नऊच्या नऊ तळहातावर ठेवल्यान. म्हटलं, कंची वो आपली? तर हासला. म्हनला, तुलाच कळंना, मग सासूला काय कळतंय."

"आणि तू तेव्हा खूण करून ठेवली नाहीस?"

"खून केली आसती तर आत्तीला दिसली नसती व्हय?" आत्ती म्हणजे सासू. "आत्तीची नजर तुमाला ठावं न्हाय."

म्हणजे पंधरा वर्षं खोटी पुतळी माळेत होती आणि ती कुठली हे करणारणीलाच माहीत नव्हतं. आणि सोनार मरून गेला होता.

"मग आत्ताच काय घाई सुटली?"

तर घाईचं कारण धाकटी जाऊ बनाबाई. धोंडुबाईला तीन मुलगे, प्रत्येकाची एक एक मुलगी, तिघी लग्नाच्या झालेल्या. माळेतल्या तीन-तीन पुतळ्या तिघी नातींना द्यायच्या असं धोंडुबाई दरवर्षी म्हणायची आणि दरवर्षी पुढल्या गौरीवर ढकलायची. लोक म्हणत, म्हातारीचा जीव अडकलाय सोन्यात. यंदा बनाबाईनं पाच पाहुण्यांपुढं विषय काढला, आणि गौरी गेल्या की त्याच संध्याकाळी वाटणी करायचं ठरलं. माळेच्या फासाकडून मोजायचं: पहिल्या तीन थोरल्याच्या मुलीला, म्हणजे झुंबरबाईच्या मुलीला, मधल्या तीन मधल्याच्या, शेवटच्या तीन बनाबाईच्या मुलीला.

"बनाबाईचं म्हायेर सोनारांच्या गुजरीमागं," झुंबरबाई म्हणाली. "दुसऱ्या दिशी कसाला लावून बघंल ती. आन मग?"

मग काय, ते उघड होतं. सगळ्या घराला दूध-भाकरी घालणाऱ्या बाईला त्याच घरात चोर म्हणून राहावं लागलं असतं.

"म्हनून म्हटलं, खोटी हुडकायची आन पयल्या तिनांत ववायची. माझ्या पोरीचं मी बघून घेतो. दुसऱ्याच्या पोरीच्या गळ्यात पितळ नगो."

"त्यापेक्षा सासूला सांगून मोकळी हो."

"तुमाला सासू मिळाली न्हाय म्हनून बोलालाय."

हे असं. आपण चांगलं सांगावं आणि वर हे ऐकून घ्यावं.

सोनाराकडे जायची सोय नव्हती. गुजरीत पाऊल टाकलं असतं तर ती घरी पोचायच्या आधी बातमी पोचली असती, शिवाय कसाचा ओरखडा धोंडुबाईनं ओळखला असता. राहिला माझा काटा. मी तो काढला, पुसला, खिडकीच्या गजाला टांगला आणि माळेचं रेशीम कापलं.

"एक पुतळी एका पारड्यात ठेवू आणि बाकीच्या आठ एकेक करून तिच्यासमोर. लगेच कळेल."

"आठ येळा? न्हाय बाई." तिनं पुतळ्यांवर हात ठेवला. "सोनं सारकं सारकं तोललं की झिजतं."

मी तिला विज्ञान सांगितलं. वजन करणं म्हणजे काय, झिजणं म्हणजे काय, पितळी पारड्यानं सोनं का झिजत नाही. ती मान हलवत ऐकत होती. सगळं ऐकून म्हणाली, "त्ये बराबर हाय. पर झिजतं."

"मग किती वेळा चालेल?"

"दोनदा. त्येबी तुमी हाय म्हनून."

दोनदा म्हटल्यावर माझा राग जरा निवळला, हे खरं. कारण हे कोडं मी दरवर्षी नववीच्या वर्गाला घालत असे. नऊ नाणी, एक खोटं, ते हलकं, तराजू दोनदाच वापरायचा. मुली आठवडाभर डोकं खाजवत बसायच्या. आता ते कोडं माझ्या सोप्यात चालत आलं होतं.

"खोटी हलकीच असणार ना?"

"पितळंची हाय."

"म्हणजे हलकी."

"आसंल."

तीन पुतळ्या डाव्या पारड्यात, तीन उजव्या, तीन बाजूला फडक्यावर. डावं पारडं वर गेलं. म्हणजे खोटी डाव्यातल्या तिनांत. तिला तसं सांगितलं तर म्हणाली, "झालं? जाऊ मग?" तिला खाली बसवलं. त्या तिनांतल्या दोन घेतल्या, एक इकडे, एक तिकडे. काट्याची जीभ जरा थरथरली आणि सरळ उभी राहिली. दोन्ही सारख्या. म्हणजे हातात राहिलेली तिसरी खोटी. याहून स्वच्छ उत्तर गणितात मिळत नाही.

"ही घे."

तिनं ती तळहातावर उलटसुलट केली. "ही?"

"हीच."

"दिसत न्हाय तशी."

"दिसली असती तर माझ्याकडे कशाला आली असतीस?"

तिनं ती पदराच्या गाठीत बांधली आणि बाकीच्या गोळा करायला लागली. इथंच मी तिला जाऊ द्यायला हवं होतं. पण ताळा केल्याशिवाय गणित सोडायचं नाही, हे मी हजार मुलींना सांगितलेलं. म्हटलं, खोटी एका पारड्यात आणि एक खरी दुसऱ्यात, एकदा ठेवून बघू.

"दोनदा झालं."

"अगं, ती खोटी आहे ना? खोटी झिजली तर तुझं काय जातंय?"

"आन समोरच्या पारड्यातली? ती तर खरी हाय की."

बुद्धी नव्हती असं म्हणायची सोय नाही. नको तिथं बरोबर चालायची. मी शेवटी तिच्या पदराची गाठ स्वतःच सोडली, पुतळी काढली, डाव्या पारड्यात ठेवली आणि उजव्यात आत्ताच्या त्या दोन सारख्यांतली एक ठेवली.

खोटी ठरवलेली पुतळी खाली गेली.

मी पारडी पुसली. बाजू बदलून ठेवल्या. तीच खाली. सारख्यांतली दुसरी घेतली. तरी तीच खाली. म्हणजे जी मी खोटी म्हणून तिच्या हातात दिली होती ती चांगली, आणि ज्या दोन मला सारख्या दिसल्या त्या दोघी हलक्या. दोघी खोट्या म्हणून सारख्या.

"झुंबरे, किती बदलल्यास?"

"एक."

"खरं सांग."

"गळ्याची आन. एकच."

"मग ह्या दोन आहेत."

"आसं कसं?"

"मला काय विचारतेस? एक खोटी म्हणालीस म्हणून मी हिशेब एकीचा मांडला. दोन असतील तर सगळा हिशेब चुकतो." मी खरंच संतापले होते. पुस्तकात छापलेलं असतं, नऊ नाण्यांत एक खोटं. ते एकच आहे हे कुणी मोजलेलं असतं, देव जाणे. तिच्या सोन्याची झीज मग मी खड्ड्यात घातली आणि उरलेल्या सहाही त्या चांगल्या पुतळीसमोर एकेक करून तोलल्या. सहाही तिच्याबरोबरीच्या. सात खऱ्या, दोन खोट्या, आणि त्या दोन एकमेकींशी इतक्या सारख्या की एकाच हातानं केलेल्या असणार.

"पेटीची किल्ली तुझ्याकडे किती वेळा आली?"

"येकदाच. तवाच."

"आणि एरवी?"

किल्ली एरवी कुणाच्या कमरेला असायची हे साऱ्या बोळाला ठाऊक होतं. तिनं त्या दोन खोट्या पुतळ्या उचलून तळहातावर शेजारी शेजारी ठेवल्या. मला वाटलं आता रडेल. ती रडली नाही, भडकली.

"पंधरा वरसं, बाई. पंधरा वरसं गौरीचं तीन दिस मला घास गिळंना. आत्तीनं माळ हातात घेतली की मी उठून गोठ्यात. आन ही म्हातारी त्याच सोनाराकडं जाऊन आली? आन मला बघत बसली?"

"तिचंही काही कारण असेल. लेकीचं बाळंतपण असेल, जोतीरामाचा पाय असेल."

"त्यो पाय तर मीच बरा केला म्हशीच्या दुधावर."

"मग विचार तिला."

"तुमी इचारा."

"मी कशाला विचारू? सासू तुझी."

यावर तिनं पुतळ्या फडक्यात बांधल्या. दोन खोट्या वेगळ्या, सात खऱ्या वेगळ्या. मी विचारलं, आता काय करणार? धोंडुबाईची चूक धोंडुबाईच्या पदरात राहू दे, ती तरी शेवटच्या तिनांत ओव. तर म्हणाली, "दोनीबी पयल्या तिनांतच."

"म्हणजे तुझ्या मुलीला एक खरी आणि दोन खोट्या? वेड लागलंय का तुला?"

"तिकडं घातली आन बनाबाईनं कसाला लावली, तर नाव कुनाचं येनार? म्हातारीचं का माझं? वरसाला माळ घेऊन भाईर जानारी मीच की."

ती गेली. माझी शेपू तशीच पडलेली. तो दिवस आणि पुढचा सबंध दिवस मी स्वतःशीच बडबडत होते. एवढ्याशा गोष्टीला एक वाक्य पुरलं असतं. आत्ती, मी एक बदलली. बस. पण ते वाक्य एका घरातल्या दोन बायांच्या तोंडून पंधरा वर्षांत निघालं नव्हतं, आणि त्यापायी एका अजाण मुलीच्या गळ्यात पितळ जायचं होतं.

गौरी गेल्या त्या संध्याकाळी धोंडुबाईनं मला बोलावणं पाठवलं. बाई शिकलेल्या आहेत, वाटणीला समोर असाव्यात. नदीला जायच्या आधी गौरीच्या अंगावरचा दागिना उतरवून ठेवला होता. सोप्यात तिघे मुलगे, तिघी सुना आणि भिंतीला टेकून नाती. धोंडुबाई मध्ये बसली, माळ मांडीवर, हातात कातर. झुंबरबाई दाराशी उभी. मी तिच्याकडे पाहिलं तर तिनं छपराकडे पाहिलं.

धोंडुबाईनं माळ उचलली आणि बोटांनी चाचपत मध्यापर्यंत आली. तिथं बोटं थांबली. मागे गेली, पुढे आली, परत मधल्या पुतळीवर थांबली. मग सावकाश फासाकडे सरकली आणि पहिल्या तिनांतल्या एकीवर टेकली. तिला तिची खूण ठाऊक होती. ती कसली हे मी सांगू शकत नाही. मला एवढंच दिसलं की वर्षानुवर्षं मधल्या जागी असलेली वस्तू तिला आज तिथं सापडली नाही, दुसरीकडे सापडली, आणि तिनं मान वर करून थेट थोरल्या सुनेकडे पाहिलं. माळ ओवून कुणी आणली होती हे तिला कुणी सांगायला नको होतं.

कातर तशीच हातात.

"कापा की आत्ती," बनाबाई म्हणाली. "मुहूर्त बगायचाय का?"

म्हातारी इतकी वर्षं ही वाटणी का ढकलत होती ते मला तेव्हा समजलं. आता पुढल्या गौरीचं नाव काढायची सोय राहिली नव्हती. नऊ माणसं बघत होती. ती काही बोलणार नव्हती, कारण ती कधीच बोलायची नाही. आणि दुसरी बोलणार नव्हती, कारण तिला सरळ बोलताच यायचं नाही. माझ्याच जिभेवर आलं होतं, सांगून टाकावं सगळं आणि मोकळं व्हावं. मी तोंड उघडलं तेवढ्यात दारातून झुंबरबाईचा गंगावेशीतला आवाज आला.

"समदं पोरींस्नीच? आन पुढल्या साली गौरीच्या गळ्यात काय घालायचं, भुईमुगाच्या शेंगा?"

सगळे तिच्याकडे वळले. धोंडुबाईनं एक क्षणही घालवला नाही.

"व्हय की. त्येच मी म्हनालतो. देवाचं आदी." आणि कुणी काही म्हणायच्या आत फासाकडच्या तीन पुतळ्यांनंतर कातर चालवून तिनं ते टोक आपल्या ओच्यात टाकलं. "ह्या गौरीच्या. ऱ्हायल्या सा. दोन दोन घ्या."

"तीन तीन ठरल्यालं," बनाबाई म्हणाली.

"ठरल्यालं हुतं. गौरीला इसरलोतो."

"एवढ्या वरसांत आजच बरी आठवली."

"तुझी आठवन हुती व्हय गं?" झुंबरबाई म्हणाली. "न्हवती न्हवं? मग घे दोन आन गप बस."

बनाबाईनं दोन घेतल्या. मधल्या सुनेनं दोन घेतल्या. सहाही खऱ्या, हे मी स्वतः तोललेलं. झुंबरबाईच्या मुलीनं आपल्या दोन पुढे केलेल्या ओंजळीत घेतल्या आणि आजीच्या पाया पडली. गौरीच्या वाट्याला मात्र एक सोनं आणि दोन पितळ. सात खऱ्यांतली सातवी उगाच देवीकडे अडकून पडली, त्याचा हिशेब कुणी करणार होतं का? मी करत होते, दुसरं कुणी नाही. धोंडुबाई कमरेची किल्ली चाचपत आत गेली. जाताना सुनेच्या अंगावरून गेली, पण थांबली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध ओतून घेताना मी विचारलं, "बोललात का काल एकमेकींशी?"

"कशाबद्दल?"

"झुंबरे."

तिनं माप किटलीत टाकलं, डोक्यावरची चुंबळ नीट केली. म्हटलं आता म्हशीचा खूर येणार. पण नाही.

"बोललो की. रातच्याला भाकऱ्या थापताना. म्हटलं, आत्ती, गौरीला तिनांनी काय व्हतंय, पुढल्या साली चवथी करू या."

"मग?"

"मग काय? म्हनली, कर. पर आता खरी कर."

"एवढंच?"

"मग आनि काय पायजे?" ती म्हणाली, आणि पुढच्या घराला दूध घालायला गेली.